एक सभासद वगळता

"शेक्रेटरी, माझा इरोद नोंदव!"

असं म्हणताना तिच्या उजव्या हाताचं बोट वर असायचं आणि नजर माझ्या पेनाच्या टोकावर. नुसतं "बरं, नोंदवतो" म्हटलेलं तिला चालत नसे. पेन कागदाला टेकून चालायला लागलं की मगच बोट खाली यायचं. तोवर अख्खी सभा त्या बोटाकडे बघत बसायची.

मी आमच्या सुपारी संघात सचिव म्हणून लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवेआगरहून किनाऱ्याकिनाऱ्याने थोडं खाली आलात की आमचं गाव लागतं. गाव म्हणजे एक लांबच लांब गल्ली. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, गडग्यांच्या आत पोफळी-नारळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या टोकाला समुद्र. गल्लीच्या मधोमध संघाचं गोदाम. मी मूळचा आतल्या बाजूच्या भातशेतीवाल्या घरातला. सुपारीची पोफळ आणि नारळाचा माड यांतला फरक कळायला मला सहा महिने लागले, असं आत्या सगळ्यांना सांगायची. ते साफ खोटं आहे. तीन लागले.

आत्या म्हणजे हीच, बोटवाली. गावची लेक म्हणून सगळ्या गावाची आत्या. लग्न होऊन मुरुडकडे गेली होती, नवरा लवकर वारला, तशी माहेरी परत आली. बापाने अर्धी वाडी तिच्या नावावर केली आणि वाडीबरोबर संघातलं स्वतःचं सभासदत्वही तिला दिलं. तिचा भाऊ तेव्हा म्हणाला होता म्हणे, "वाडी घे, पण सभेला मी जाईन. तिथं बायामानसांचं काय काम?" तिने आयुष्यातला पहिला विरोध तिथेच नोंदवला असणार. मी तेव्हा नव्हतो, नाहीतर लिहून ठेवला असता.

विरोध कशाला, असं विचाराल. कशालाही! अहवालात "संघाची वाटचाल प्रगतिपथावर आहे" असं वाचलं की बोट वर. "कुटला पथ, ता दाखव." गोदामाला पांढरा रंग द्यायचं ठरलं, बोट वर. "पावसात हिरवा व्हतोच, मग आधीच हिरवा काय वाईट?" सभेनंतर चहा-बिस्किटांऐवजी वडापाव द्यायचा ठराव आला, तेव्हा टाळ्या पडल्या आणि टाळ्यांच्या वर ते बोट. "पाव गार असतो. माझा इरोद नोंदव."

त्यामुळे आमच्या इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक ठरावाखाली एकच वाक्य सापडेल, "ठराव एक सभासद वगळता सर्वानुमते मंजूर." माझ्या आधीच्या सचिवांच्या वळणदार अक्षरातही तेच आणि माझ्या कोंबडीच्या पायातही तेच. एकदा कंटाळून मी म्हणालो, या वाक्याचा रबरी शिक्काच करून घेऊ या. शिक्क्यालाही तिचा विरोध. "दर टायमाला हातानं लिव. लिवताना तुला जरा इचार तरी करावा लागंल."

बरं, सभेपुरतं असतं तर समजू शकलो असतो. माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीत जिलबीऐवजी गुलाबजाम आले, तेव्हा चार पानं पलीकडून तिने मला हाक मारून विरोध नोंदवायला सांगितला. माझ्या हातात वरणभात होता. गुडघा दुखतो म्हणून मी तिला म्हसळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा, आजी." आत्याने डॉक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे वळली आणि बोट वर केलं. डॉक्टर मला विचारतात, "या काय म्हणताहेत?" आता काय सांगणार, सांगा.

असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण हसतो, कंटाळतो, टाळतोही. मीही टाळायचो. पण एकदा सुपारी सोलायच्या दिवसांत तिच्या पडवीत बसलो होतो आणि न राहवून विचारलं, "आत्या, तुझ्या विरोधाने एक ठराव आजवर अडला नाही. मग कशाला?"

ती सोलता सोलता म्हणाली, "संघ नव्हता तवा व्यापारी वाडीत यायचा. सुपारीचा ढीग नुसता डोळ्यानं बघायचा आनि भाव बोलायचा. दे न्हायतर कुजव. माझ्या बापाला त्याच्या तोंडावर न्हाय म्हनता यायचं न्हाय. मग गावानं संघ काढलान. डोक्यावरून चिरे वाहून ह्या गोदामाच्या भिंती बांधल्या. आनि पयल्या सभेत माझा बाप उभा ऱ्हायला आनि बोलला, माझा इरोद हाय. कशाला, ता त्याला घरी येईपर्यंत आठवत नव्हता. पन आयेला सांगितलान, आज मी न्हाय बोललो आनि माझं न्हाय लिवून घेतलानी."

तिने सोललेली सुपारी टोपलीत टाकली. "लिवून घेतलानी," ती पुन्हा म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिचा विरोध जरा सुवाच्य अक्षरात लिहायला लागलो.

आता तुम्हाला आमच्या सभांची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ कळणार नाही. सभेच्या प्रत्येक नोटिशीच्या शेवटी एक ओळ असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. तुम्ही कुठल्याही सोसायटीचे सभासद असाल तर ही ओळ तुम्हाला पाठ असेल. आमच्या गावाला तर ती अंगवळणी पडली होती. दहाची सभा म्हणजे साडेदहा. आमची गणपूर्ती पंचवीसची, पण दहाच्या ठोक्याला गोदामात असायचे अध्यक्ष, मी, शिपाई आणि आत्या. अध्यक्ष घसा साफ करून सभा अर्धा तास तहकूब करायचे आणि शिपाई चहा आणायला जायचा. आत्याचं बोट वर!

"मी येळेवर आले ना? मग जो येतो त्याची सभा तहकूब आनि जो येत न्हाय त्याच्यासाठी थांबायचं, असं कसं? इरोद नोंदव."

मी नोंदवायचो. आम्ही चहा प्यायचो.

गावाला पळताना बघायचं असेल तर सभेला नव्हे, टोलाला यायला हवं होतं. गोदामाच्या दारात लोखंडी रुळाचा हातभर तुकडा टांगलेला आहे. हंगामात काटा लागला, म्हणजे सुपारी वजन करून घ्यायला सुरुवात झाली, की शिपाई पहारीने तो रूळ बडवायचा. ठण्ण ठण्ण ठण्ण! जो आधी येईल त्याचं वजन आधी, मागे राहील तो दिवसभर उन्हात. त्यामुळे टोल पडला रे पडला की सगळ्या वाड्यांतून माणसं पोती घेऊन सुटायची. सभेला अर्धा तास उशिरा येणारी हीच माणसं!

मग ते वादळ आलं. टाळेबंदीत आधीच सगळे घरात, त्यात एका दुपारी आमच्या वाड्या जमीनदोस्त झाल्या. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींवर पडल्या होत्या. गोदामाचे पत्रे उडाले, पण चिऱ्यांच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. लोकांनी रडून घेतलं आणि नवी रोपं लावली. पण पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. सुपारी नाही म्हणून काटा नाही, काटा नाही म्हणून टोल नाही. तो रूळ तसाच गंजत लोंबकळत राहिला.

अशात एक हॉटेलवाला आला. गोदाम आणि मागचं सुपारी वाळवायचं खळं त्याला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवं होतं. आमचे अध्यक्ष काही खलनायक नव्हेत. त्यांची स्वतःची वाडी अख्खी गेली होती. पडलेल्या पोफळीवर बसून समुद्राकडे बघत राहिलेले अध्यक्ष मी पाहिलेत. संघात ना माल, ना काम, माझा आणि शिपायाचा पगार थकलेला. भाडं आलं तर संघ निदान नावापुरता जगेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. वार्षिक सभेत त्यांनी तो ठराव मांडला. सभा नेहमीप्रमाणे तहकूब झाली. त्या दिवशी गावात पर्यटकांची गर्दी, जो तो आपल्या घरी भाड्याने उतरलेले पाहुणे सांभाळत होता. साडेदहाला जमली नऊ माणसं. ठराव एक सभासद वगळता सर्वानुमते मंजूर.

तीन दिवसांनी हॉटेलवाल्याची माणसं टेप घेऊन खळं मोजायला आली, तेव्हा गाव जागं झालं. "हे कधी ठरलं? कोणी ठरवलं?"

"तुमी ठरवलात," आत्या गल्लीत उभी राहून म्हणाली. "घरात बसून."

पण तेवढं बोलून ती थांबली नाही. सव्वाशेच्या आसपास सभासदांपैकी एक पंचमांश जणांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावीच लागते, हे तिला पक्कं माहीत होतं. दुखऱ्या गुडघ्याने ती घरोघर फिरली आणि सह्या घेऊन तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. विषय एकच, गोदाम भाड्याने देण्याचा ठराव रद्द करणे. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे मंगळवारी सकाळी दहाची सभा लावली. हॉटेलवाल्याशी कराराच्या सह्या बुधवारी व्हायच्या होत्या.

इथे मी माती खाल्ली. नोटीस टाईप करताना मी जुनीच नोटीस पुढ्यात ठेवली, तारीख आणि विषय बदलला आणि शेवटची ती ओळ जशीच्या तशी उतरवली. तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने. सगळ्यांनी ती वाचली आणि सगळे निश्चिंत झाले.

मंगळवार उजाडला. दहा वाजता गोदामात आत्या आणि आणखी सात जण. शिपाई सवयीने चहा आणायला गेला. मीही सवयीने विचारलं, "अध्यक्ष, तहकूब करायची ना?"

अध्यक्षांनी खिशातून पोटनियमांचं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. सभा सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली असेल आणि अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होत नाही. रद्द होते.

नोटिशीतली ती ओळ चुकीची होती आणि ती माझ्या हातची होती. गावातली सव्वाशे माणसं माझ्या भरवशावर आरामात आंघोळी करत होती.

"आत्या," अध्यक्ष म्हणाले, आणि खरं सांगतो, त्यांच्या आवाजात विजय नव्हता, "नियम तो नियम. तूच आम्हाला शिकवलंस."

आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून बारा मिनिटं. "बराबर हाय," ती म्हणाली. "नियम तो नियम."

मी तिच्या कानाशी लागलो. "आत्या, चूक माझी आहे. घड्याळ पाच-दहा मिनिटं मागे करतो, कोणाला कळणार नाही."

"घड्याळाला हात लाव, मग बघ! पयला इरोद तुझ्यावर नोंदवीन." आणि मग इकडेतिकडे बघत, "पहार कुटं हाय?"

"पहार कशाला?"

तिला ती कोपऱ्यात दिसली. पदर खोचून तिने ती दोन्ही हातांनी उचलली, दारात गेली आणि गंजलेल्या रुळावर घातली.

ठण्ण!

तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दुसरा ठोका, तिसरा, चौथा. गंजाचे पापुद्रे तिच्या केसांवर पडत होते. गडग्यावरची मांजरं पळाली, कावळे उडाले आणि मग गल्लीच्या दोन्ही टोकांनी आधी दारं वाजली, मग पावलं.

माणसं धावत होती! एक जण अर्ध्या गालाला साबण लावलेला, हातात वस्तरा. एक काकी हाताला मासळीचे खवले घेऊन. शिंपण सोडून आलेला एक जण गुडघ्यापर्यंत ओला. वरच्या आळीतले एक आजोबा चक्क रिकामं पोतं घेऊन आले. "काटा लागला? कोनाची सुपारी आली?" ते धापा टाकत विचारत होते. वादळात त्यांच्या वाडीत एक पोफळ उरली नव्हती, तरी पोतं घेऊन आले होते.

मी उपस्थितीची वही घेऊन दारात उभा. "आधी सही! बाकी सगळं मग! सही करा!" आयुष्यात मी एवढा ओरडलो नव्हतो. एका काकींच्या सहीवर खवला चिकटला, तो अजून आहे. एक तरुण सही करायला वाकला, तर सभासद त्याचे वडील, तेही अंथरुणाला खिळलेले. त्याची सही चालेना. एका घरातून पाच जण आले, सभासद त्यातला एकच. चौदा झाले. सतरा. अध्यक्ष खुर्चीतून उठून दाराशी येऊन उभे राहिले होते. एकवीस. आत्या ठोके घालतच होती, तिचे खांदे थरथरत होते, मी पहार घ्यायला हात पुढे केला तर कोपराने ढकललंन मला. "तू सह्या घे!"

चोवीस.

आणि गल्ली रिकामी झाली. दहा सत्तावीस. लांब टोकाला कोणी येताना दिसेना. मी पुन्हा मोजले, चोवीसच. मी सभासद नाही, पगारी नोकर. शिपाईही तसाच. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

ठोके थांबले. आत्याने पहार भिंतीला टेकवली, माझ्या हातातली वही घेतली आणि ती अध्यक्षांपुढे जाऊन उभी राहिली.

"अध्यक्षा, तू सभासद हायस का न्हायस?"

"म्हणजे काय, आहे."

"मग ह्यात सही कुटं हाय तुझी?"

खरंच की! अध्यक्ष नेहमी सभा संपल्यावर सही करायचे, त्यामुळे मी त्यांना धरलंच नव्हतं. अध्यक्षांनी वहीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांनी नुसतं दोन मिनिटं उभं राहायचं होतं, बास. सभा रद्द, उद्या करार. कोणी त्यांना बोल लावू शकलं नसतं.

"आत्या, मी सही केली तर माझाच ठराव पडेल," ते हळूच म्हणाले.

"पडंल," आत्या म्हणाली. "मग तू पन इरोद नोंदव. शेक्रेटरी लिवील. चांगला लिवतो."

अध्यक्षांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि सही केली. मी घड्याळ पाहिलं, दहा एकोणतीस.

"गणपूर्ती झाली आहे," अध्यक्ष म्हणाले. "सभेला सुरुवात करतो."

काय सांगू तुम्हाला! शिट्ट्या वाजल्या. अर्ध्या गालाच्या माणसाने रिकाम्या पोत्याच्या आजोबांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्याला साबण लावला. साडेदहाला जी नेहमीची माणसं टुकूटुकू आली, त्यांना बसायला जागा उरली नव्हती. शिपाई चार जणांचा चहा घेऊन दारात उभा, तोंडाचा आ वासून.

आत्या त्या सभेत फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "रोपं लावलीत ना सगळ्यांनी? ती धरतील. तवा सुपारी टाकायची कुटं? हाटेलाच्या पोव्हायच्या टाकीत? मग परत व्यापारी दारात येल आनि डोळ्यानं भाव करील. तवा त्याला न्हाय म्हनायला जागा कुटली? ही एकच हाय." आणि तिने भिंतीवर हात आपटला. मग बाकीचे बोलायला लागले. पोफळी धरेपर्यंत संघाने नारळ घ्यावा, असं कोणीतरी सुचवलं. पाहुण्यांची घरं गावात एवढी झाली आहेत, शहाळी तर शेजारच्या गावांतून आणावी लागतात. दर मंगळवारी नारळाचा काटा लावायचं तिथल्या तिथे ठरलं. गंमत म्हणजे कसा लावायचा, ते सगळ्यात नीट अध्यक्षांनीच सांगितलं.

ठराव मताला आला, तेव्हा हात वर झाले. अध्यक्षांचा नाही झाला. मी वही घेऊन विचारलं, "अध्यक्ष, आपला विरोध नोंदवू?"

"आज नको. माझा बाकी राहू दे."

मी सवयीने आत्याकडे पाहिलं. आज तरी तिच्या मनासारखं झालं होतं. आज तरी वहीत स्वच्छ "सर्वानुमते" लिहीन म्हणून मी पेन उचललं, तर बोट वर!

"आत्या! अगं तुझाच ठराव आहे!"

"ठरावाला न्हाय. धाची सभा साडेधाला मिनिट कमी असताना चालू केलीत, त्याला. नोंदव."

सगळं गोदाम हसलं, मी लिहिलं, ती पेनाकडे बघत राहिली. तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते, ते मला तेव्हा दिसले.

त्यानंतर आमच्या गावात सभा दहाला सुरू होते. दर मंगळवारी टोल पडतो, नारळाच्या गोण्या येतात, आमचे पगार वेळेवर होतात. मागे अध्यक्षांनी स्वतः मुरुडहून नवी पहार आणली, कारण जुनीचं टोक त्या दिवशी वाकलं होतं. पहार आणायला आत्याचा विरोध होता, हे सांगायला नकोच.

गेल्या थंडीत ती गेली. दुखणं-बिखणं काही नाही. सकाळी वाडीत पाणी लावायला गेली होती, तिथेच बसली ती उठली नाही. वादळानंतर लावलेल्या तिच्या पोफळींना पहिली पोय, म्हणजे फुलांचा तुरा, फुटली होती. ते तिने पाहिलं होतं, शेजारणीला बोलावून दाखवलंही होतं. मला तिची रोज आठवण येते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. जेवताना मीठ कमी पडलं तरी येते.

यंदाची वार्षिक सभा झाली. दहाला पाच कमी असताना गोदाम भरलेलं होतं आणि उपस्थितीच्या वहीत पंचविसावी सही कधीच होऊन गेली होती. पहिलाच विषय श्रद्धांजलीचा. अध्यक्षांनी ठराव वाचला, दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, बसलो.

"ठराव सर्वानुमते मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

मी "ठराव" एवढं लिहिलं आणि पेन अडलं. एवढ्या वर्षांत मधले तीन शब्द गाळून मी हे वाक्य कधी लिहिलंच नव्हतं. मान वर केली, तर सगळे एकाच बाजूला बघत होते, ती जिथे बसायची तिथे. बाहेर वाऱ्याने रूळ जरासा वाजला.

"सेक्रेटरी," अध्यक्ष म्हणाले.

"बोला."

"त्या मंगळवारचा माझा एक विरोध बाकी आहे ना?"

"आहे."

"तो आज नोंदवा."

मला कळेना. "अध्यक्ष, श्रद्धांजलीच्या ठरावाला विरोध?"

"ठरावाला नाही," ते म्हणाले. "ती गेली, त्याला."

त्यांचं बोट वर होतं आणि नजर माझ्या पेनाच्या टोकावर. मी लिहायला लागलो, एक सभासद वगळता, तेव्हा कुठे त्यांनी बोट खाली घेतलं.